बेंबीजवळचं दुखणं

५ जुलै २००३, शनिवार

यांच्या कंपनीची डायरी सहा महिने कपाटात पडून आहे. हे हडपसरला आयटी कंपनीची बस चालवतात. दर वर्षी डायरी मिळते आणि दर वर्षी कोरीच रद्दीत जाते. आजपासून मी लिहिणार. चौथी पास आहे, उगीच नाही.

कारणही तसंच आहे. आज दर्शूच्या शाळेत ओपन डे होता. दर्शू म्हणजे आमची प्रियदर्शनी, तिसरी ब, इंग्लिश मीडियम. दर वेळी हे जातात आणि पेपर बघून मुक्यासारखे परत येतात. या वेळी म्हटलं, तुम्ही राहू द्या. पोळ्या लाटताना सराव केलेलाच होता. गुड मॉर्निंग मिस, हाऊ आर यू. मिस खूश झाल्या आणि जे सुटल्या ते सगळं इंग्रजीतच. मी एकदाही अडले नाही. जिथे पाहिजे तिथे येस येस. एकदा तर व्हाय नॉट. त्यावर मिसनी माझा हात धरून हलवला आणि काहीतरी लिहून घेतलं. माझं कौतुकच असणार.

दर्शूचा चेहरा पांढराफटक. दूध न पिता आली होती.

येताना जिन्यात वरच्या रुपालीला सांगितलं, तळमजल्यावर सांगितलं, आणि माझ्याकडून पोळीभाजीचे डबे नेणारी कंपनीतली पोरं आली त्यांनाही सांगितलं. मिसशी इंग्रजीत बोलले, अर्धा तास. पोरं म्हणाली, काकू, तुम्ही आता आमच्या कंपनीत या.

८ जुलै, मंगळवार

सकाळी बूट घालताना दर्शूच्या पोटात दुखायला लागलं. एरवी मला मम्मी म्हणते, मीच शिकवलंय. दुखायला लागलं की आई.

काल रात्रीची मटकी. दुसरं काही नाही. ओवा आणि सैंधव चावायला दिलं. शाळा बुडली, पण दहा वाजेपर्यंत पोरगी खेळायला लागली. माझ्या ओव्याला तोड नाही.

११ जुलै, शुक्रवार

काल गुरुवारी परत तेच. काल एकादशी, म्हणजे साबुदाणा बाधला असं कोणीही म्हणेल. पण मी नीट हात लावून बघितलं. बेंबी सरकली आहे.

आमच्या बीडकडे याला डॉक्टर लागत नाही. पोरीला उताणी झोपवली, पोटावर कणकेचा दिवा लावला आणि वरून तांब्या पालथा घातला. दिवा विझला की तांब्या पोटाला घट्ट धरतो आणि बेंबी ओढून जागेवर आणतो. तांब्या धरला. तेवढ्यात खाली शाळेच्या व्हॅनने हॉर्न दिला आणि ती निघून गेली. दर्शू म्हणाली, आई, थांबलं.

व्हॅन गेली आणि बेंबी बसली, अगदी एकाच वेळी. असा गुण आहे हाताला.

१५ जुलै, मंगळवार

मटकी बंद. साबुदाणा बंद. काल रात्री नुसता मऊ भात आणि तूप. तरी आज सकाळी पोट धरून बसली.

हे म्हणाले, अगं, मंगळवारी आणि गुरुवारीच कसं दुखतं? मी म्हटलं, पोटाला वार कळत नाही, तुम्ही बस चालवा. पण विचार केला तेव्हा लक्षात आलं. सोमवारी आणि बुधवारी शाळेत पाण्याची टाकी धुवत असणार. दुसऱ्या दिवशी पाण्यात औषध जास्त. दर्शूला म्हटलं, शाळेचं पाणी प्यायचं नाही. ती म्हणाली, मी घरचीच बाटली नेते मम्मी.

मग बाटली बाधत असेल. उद्या नवी आणणार.

१९ जुलै, शनिवार

नवी बाटली आणूनही गुरुवारी दुखलंच. शेवटी यांच्या हट्टापायी चौकातल्या डॉक्टरांकडे. भला माणूस, पण चौकशा फार. रात्री झोपेतून पोटदुखीने उठते का. नाही. ताप, उलटी, जुलाब. नाही. वजन उतरलंय का. नाही. लघवीला त्रास होतो का. नाही. रविवारी दुखतं का. मी म्हटलं, रविवारी कशाला दुखेल, रविवारी पोरगी हुंदडत असते.

मग दर्शूला म्हणाले, एका बोटाने दाखव बाळ, कुठे दुखतं. तिने बोट बरोबर बेंबीवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, बेंबीच्या आसपासच आहे, बाकी काही नाही, हे बरं लक्षण आहे.

मी म्हटलं, डॉक्टर, मी केव्हापासून हेच सांगते आहे. बेंबी! डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पटलं असणार.

तपासण्या लिहून दिल्या. माझ्या समाधानासाठी, म्हणाले. मी तर समाधानीच होते.

२२ जुलै, मंगळवार

सगळे रिपोर्ट चांगले. सोनोग्राफीसुद्धा.

डॉक्टर म्हणाले, दुखणं खरं आहे, पोरगी नाटक करत नाही. पण पोटात बिघाड दिसत नाही. मनाला कशाची तरी धास्ती असली की मुलांच्या पोटात असं दुखतं. शांतपणे विचारा, शाळा बुडवू नका. आणि उलट्या, ताप, झोपेतून उठवणारं दुखणं असं काही झालं तर मात्र लगेच आणा.

धास्ती! आठ वर्षांच्या पोरीला. डबे तिला भरायचे आहेत का गॅस तिला आणायचा आहे? आमच्या घरात मनाबिनाची पद्धत नाही.

तरी सांगितलंय म्हणून केलं. पोळ्या चालल्या होत्या, स्वयंपाकघरातूनच विचारलं, काय गं, कसली धास्ती आहे का तुला? ती म्हणाली, नाही. झालं. शांतपणे विचारून झालं.

२७ जुलै, रविवार

आज पोरीने कमाल केली. रविवार असून पोट दुखलं.

पण आता मला मनाचं कळतं. काम बाजूला ठेवलं, पलंगावर तिच्याजवळ बसले, केसांतून हात फिरवला आणि म्हटलं, सांग बाळा, मनात काय आहे. ती म्हणाली, आई, मळमळतंय. मी म्हटलं, मळमळ वरवरची असते, आतलं सांग. ती म्हणाली, आई, उलटी. मी म्हटलं, आधी धास्ती सांग.

आतलं सगळं बाहेर आलं. नव्या चादरीवर. अंगही तापलं होतं.

डॉक्टरांना त्यांच्या घरी जाऊन गाठलं. काल काय खाल्लं, त्यांनी विचारलं. वरच्या रुपालीच्या साईचा वाढदिवस होता. तिथे केक आणि बाहेरची भेळ. म्हणाले, मग हे मात्र पोटच आहे. मी म्हटलं, तुम्ही एकदा काय ते ठरवा. यांनी मला बाहेर बाकावर बसवलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

उलटीचं पोट दोन दिवसांत बरं झालं. मंगळवारचं पोट मंगळवारी परत आलं.

आज ठरवलं, लाड बंद. शाळा बुडवायची नाही असं डॉक्टरच म्हणालेत. ना ओवा, ना तांब्या, सरळ व्हॅनमध्ये बसवली. रडली नाही, हट्ट नाही. खिडकीशी बसून एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्याने मला टाटा केला.

आज दोन-तीन पोळ्या करपल्या. तवा जुना झालाय.

७ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी रुपाली खाली आली. साई दर्शूच्याच वर्गात आहे. म्हणाली, गोदाताई, पंधरा ऑगस्टला सगळ्या शाळेसमोर दर्शूचं इंग्रजीतून भाषण, अभिनंदन हं! मी म्हटलं, हो तर.

मग म्हणाली, पण तिला जमत नाहीये बहुतेक. मंगळवारी आणि गुरुवारी स्टेजवर प्रॅक्टिस असते. साई सांगतो, दर्शू माइकपाशी नुसतीच उभी राहते, मग मुलं हसतात. मिस म्हणतात, तुझ्या मम्मीने एवढ्या हौसेने नाव दिलंय. ओपन डेला तुम्हीच दिलंत ना?

मी म्हटलं, मीच. दुसरं कोण देणार.

रुपाली गेली. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कळलं नाही. डाळीचं पिठलं झालं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

संध्याकाळी दर्शूला जवळ घेतलं. म्हटलं, भाषणाचं का नाही सांगितलंस? फ्रॉकचं बटण फिरवत बसली. मग म्हणाली, तू सगळ्यांना सांगितलं होतंस ना, मिसशी इंग्रजीत बोलले म्हणून. डबेवाल्या दादांनासुद्धा. मग मी कसं सांगू, तुला कळलं नव्हतं म्हणून?

मी म्हटलं, कळलं नव्हतं असं नाही, मिस भरभर बोलतात.

ती म्हणाली, हो मम्मी.

हे दारात उभे राहून ऐकत होते. बोलले असते तर परवडलं असतं.

ठरलं. शाळेत जाऊन मिसना स्पष्ट सांगायचं, माझ्याकडून चूक झाली, मला इंग्रजी येत नाही. त्यात काय एवढं. उद्या शनिवार, मिस घाईत असतील. सोमवारी नक्की.

११ ऑगस्ट, सोमवार

शाळेच्या गेटपर्यंत गेले होते. तिथे पोटात असा मुरडा आला की रिक्षा करून परत. कालचं शेपूचं फुणकं. शेपू वातूळ असतो.

उद्या राखीपौर्णिमा. बुधवारी नक्की.

१३ ऑगस्ट, बुधवार

गेले. हे अर्धी सुट्टी टाकून गेटपाशी उभे राहिले. सोबतीला म्हणे. मी पळून जाईन असं वाटत असणार.

मिससमोर बसले आणि एका दमात मराठीत सगळं सांगून टाकलं. येस येस म्हणाले पण काय विचारलंत ते कळलं नव्हतं, पोरीच्या पोटात महिनाभर दुखतंय, तिचं नाव काढा. घाम फुटला होता.

मिस म्हणाल्या, अहो मग आधी मराठीत बोलायचं ना! मी जामखेडची आहे.

जामखेडची! आमच्या बीडच्या शेजारची! मी म्हटलं, मग त्या दिवशी एवढं इंग्रजी कशाला फाडलंत? मिस म्हणाल्या, सुरुवात तुम्ही केलीत. मला वाटलं, तुम्हाला मराठीत बोललेलं आवडायचं नाही.

माणूस चांगला. दर्शूला बोलावून घेतलं, पाठीवर हात ठेवला, विचारलं, मग पंधरा ऑगस्टला काय करायला आवडेल? दर्शू म्हणाली, झेंड्यात फुलांच्या पाकळ्या भरायला. तसं ठरलं. पोरगी वर्गात पळत गेली. महिनाभरात शाळेकडे पळताना बघितली नव्हती.

निघाले तर दारात मोठ्या मॅडम. त्या केरळच्या, त्यांना मराठी येत नाही. माझा हात हातात घेऊन हसून बरंच काही बोलल्या. आता मोठ्या माणसाचं मन कसं मोडायचं. मी म्हटलं, येस येस. आणि सवयीने, व्हाय नॉट.

मिसनी कपाळाला हात लावला.

शनिवारी पालकांची सभा आहे. मुलांच्या डब्यात काय द्यावं यावर मी बोलणार आहे. माइकवर. इंग्रजीत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडा वर जाऊन सुटला आणि पाकळ्या पडल्या, बरोबर मोठ्या मॅडमच्या अंबाड्यात. दर्शू नाचली. घरी येऊन जिलबी खाल्ली, परत मागितली, परत खाल्ली. पोट ठणठणीत.

माझं कालपासून जरा धरलंय. जिलबीला हात लावला नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार, सकाळी

पलंगावर उताणी पडून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं आलंय. बेंबी सरकली आहे. साडी नेसतानाच कळ आली. सभेला जाणं शक्य दिसत नाही. हा शरीराचा भाग आहे, आपल्या हातात काही नाही.

दर्शू उशाशी बसली आणि डॉक्टरांसारखं विचारायला लागली. रात्री दुखण्याने जाग आली होती का मम्मी? नाही. ताप? नाही. उलटी? नाही. वजन उतरलंय का, हे विचारायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि तो प्रश्न सोडून दिला. मग म्हणाली, एका बोटाने दाखव.

बोट बेंबीवर.

म्हणाली, उद्या रविवार आहे. उद्या दुखेल का गं?

मी म्हटलं, उद्या कशाला दुखेल.

ती स्वयंपाकघरात गेली, कणकेचा दिवा केला, यांच्याकडून पेटवून घेतला आणि तांब्या आणला. वाकडातिकडा ठेवलाय, तरी धरलाय थोडा. एक हात तांब्यावर, एक माझ्या कपाळावर. म्हणते, दुखणं खरंच असतं, मला माहीत आहे. मिसना मी सांगून ठेवलंय, मम्मी मराठीत बोलणार. तांब्या सुटला की आपण दोघी जाऊ, मी पुढच्या रांगेत बसेन, तू माझ्याकडे बघून बोल. चालेल ना?

मी म्हटलं, येस येस.