गडावरून उतरलेली राणी

आप्पा, तुम्ही चुकीचं सांगत होतात. हे आधी लिहून टाकते, म्हणजे मला एका जागी बसता येईल. सकाळपासून बसतेय आणि उठतेय. एकदा डाळ लागली म्हणून, एकदा खाली बर्फ काढणारी गाडी आली म्हणून, एकदा उगाच. भावाला सकाळी फोन लावते म्हणाले होते, तो अजून लावलेला नाही. तिकडे गावी रात्र झाली असेल, खानावळीतली जेवणं उरकली असतील आणि तो फोनजवळ स्टूल ओढून बसला असेल. त्याला मी हो म्हणायचंय. सगळ्यांनी ते ठरवूनच टाकलंय की मी हो म्हणणार, आता परत येणार. तर त्याआधी मला तुमच्याशी त्या राणीबद्दल बोलायचंय, जिला तुम्ही रोज दोन्ही वेळेला आमटी वाढता वाढता एका वाक्यात निकालात काढायचात.

गडाच्या पायथ्याची आपली खानावळ मला अजून दिसते. पुढे बाकं, मागे चुली, मधे गोणपाटाचा पडदा. तिसरीतून शाळा सुटलेली मी पडद्यामागे भाकऱ्या थापतेय. पुढे गड बघून उतरलेली माणसं पोटऱ्या चोळत बसलीत आणि तुम्ही गोष्ट सांगताय. थोरल्या महाराजांचा राज्याभिषेक आला की तुमचा आवाज चढतो, पळी हातात तशीच राहते, माणसं जेवायची थांबतात. मग धाकट्या महाराजांचे हाल, तेव्हा तुमचा आवाज बसतो. एका म्हाताऱ्यानं तर ताटावरून उठून डोळे पुसलेले मी पडद्याच्या भोकातून बघितलेत. आणि मग येते त्यांची विधवा राणी. ‘गडाला वेढा पडला. बाईनं दिराला बाहेर काढलं, दरवाजे उघडून दिले आणि पोराला घेऊन बादशहाच्या छावणीत जाऊन बसली. तीस वर्षं. भात घेणार आणखी?’ संपली राणी. कुणी जास्त खोदून विचारलंच तर म्हणायचात, तिथं तिला काय कमी होतं, तंबू होता, नोकरचाकर होते, मेण्यातून हिंडायची. दुसरी कुणी असती तर लढून मेली असती.

एकदा मास्तर लोकांची सहल आली होती. मी भाकऱ्यांची टोपली घेऊन पुढे आले आणि तिथंच विचारलं, ती लढून मेली असती तर पोराला कुणी बघितलं असतं? दहा-अकरा वर्षांची असेन. एक मास्तर हसून म्हणाले, मालक, पोरगी वकील होणार. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, तवा तापलाय, आत जा. आणि नंतर चुलीपाशी येऊन, आवाज न चढवता, जेवणाऱ्या माणसांपुढे बापाला आडवं बोलायचं नाही. मग मी नाही बोलले. लग्न होईपर्यंत नाही बोलले. पण लग्न ठरल्यावर तुम्ही खानावळ एक दिवस बंद ठेवलीत, जी आई गेली त्या दिवशीही दुपारनंतर उघडली होती, आणि मला गडावर घेऊन गेलात. पायथ्याला जन्म काढलेली मी, वर पहिल्यांदा जात होते. राणीवशाची नुसती जोती उरलीत, त्यांत गवत. मी विचारलं, ती कुठल्या दारानं उतरली? तुम्ही इकडे बघितलंत, तिकडे बघितलंत. डोक्यावरची टोपी काढलीत, परत घातलीत. म्हणालात, ते मला ठाऊक नाही. इतकी वर्षं लोकांना गड तोंडपाठ सांगणारा माणूस, आणि एवढं ठाऊक नव्हतं. तुम्ही काही बनवून सांगितलं असतंत तर मला ते खरंच वाटलं असतं. बाकी आंदणात काय काय दिलंत ते विसरले. ‘मला ठाऊक नाही’ म्हणालात ते लक्षात आहे.

आता माझं थोडक्यात सांगायला हवं, कारण मी इकडे अमेरिकेत आले त्याच वर्षी तुम्ही गेलात. तुमचे जावई शिकत गेले, मी होते तिथंच राहिले. त्यांच्या ऑफिसच्या पार्ट्यांना ते मला चिवड्याच्या वाडग्याशेजारी उभी करायचे आणि इंग्रजीत कुणी काही विचारलं की माझ्याऐवजी तेच उत्तर द्यायचे. पोरगा सात वर्षांचा झाला तेव्हा म्हणाले, मला वेगळं राहायचंय. भांडण नाही, तंटा नाही. ‘तुला परत जायचं तर मी तिकीट काढून देतो. मुलगा मात्र इथंच राहील.’ झालं. एवढंच बोलून त्यांनी टीव्ही लावला. मी राहिले. न्यू जर्सीत दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलं, रडत रडत ड्रायव्हिंग शिकले, आता आयसेलिनला ओक ट्री रोडवर आपल्या लोकांची दुकानं निघालीत त्यातल्या एका मिठाईच्या दुकानात मागे काम करते, आणि घरी कॉलेजच्या मुलांना पोळ्या करून देते. तुमचे जावई आता टेक्सासात शुगर लँडला आहेत, तेलाच्या कंपनीत, दुसरा संसार आहे. पोराला सुट्टीत नेतात आणि परत पाठवतात. वाईट माणूस नाही. मला राग यायचा बंद झालाय, त्यालाही वेळ लागतो आणि मला वेळ नव्हता.

आणि तिकडे गावात काय म्हणायचे? वहिनी भावाला म्हणाली आणि भावानं तसंच मला फोनवर ऐकवलं: ‘तिला तिकडे काय कमी आहे? गाडी आहे, नळाला गरम पाणी आहे.’ मी रिसीव्हर धरून हसत सुटले. त्याला वाटलं मी रडतेय. आप्पा, हे तुमचं वाक्य आहे. तुम्ही गेलात आणि वाक्य खानावळीतच राहिलं, बाकांसारखं.

यंदा इथल्या मराठी मंडळानं मार्चच्या कार्यक्रमात गडाचं नाटक ठरवलं. लिहिणारा मुलगा पुण्याचा, इथं इंजिनीअरिंगमध्ये पीएचडी करतो, माझ्याकडून पोळ्या नेतो. सगळ्या भूमिका पटापट गेल्या. राणीची कुणी घेईना. राणी विधवा ना. स्टेजवर मंगळसूत्र काढायचं, कपाळ पांढरं ठेवायचं. एक डेंटिस्टची बायको तयार झाली, पण म्हणाली, मी मंगळसूत्र पदराखाली ठेवीन आणि बारीकशी टिकली लावीन, लांबून दिसत नाही. दुसरीच्या सासूबाई इथं आलेल्या होत्या, त्यांनी ऐकलं मात्र आणि भूमिका परत आली. मग बैठकीत सगळ्या हळूहळू माझ्याकडे बघायला लागल्या. मंडळातल्या मोठ्या काकू म्हणाल्या, ‘तुम्हाला तसं काही नाही ना, म्हणजे, तुम्हाला चालेल ना?’ मी म्हटलं, न चालायला काय झालं? मी टिकली काढल्यानं टेक्सासातला माणूस मरायचा असता तर कधीच मेला असता, मी रोजच काढलेली असते, तो ठणठणीत आहे. कुणीतरी चहा आणायला उठलं. भूमिका मला मिळाली.

तालमी काकूंच्या बेसमेंटमध्ये व्हायच्या. भूमिका म्हणजे काय, दिराला निरोप द्यायचा, रडायचं, ‘दरवाजे उघडा’ म्हणायचं आणि पोराला घेऊन शिपायांबरोबर आत जायचं. मी त्या मुलाला विचारलं, ही मायलेकरं सुटली कधी? मला आपलं तुमच्या गोष्टीवरून वाटायचं दोघं बरोबरच परत आली. तो वायरी गुंडाळत होता. म्हणाला, ‘नाही काकू. बादशहा मेल्यावर मुलाला सोडला. तिला नाही सोडली. तिला दिल्लीला नेली. ओलीस. मुलानं इकडे नीट वागावं म्हणून.’ मी म्हटलं, किती दिवस? म्हणाला, ‘दिवस काय, बारा वर्षं धरा.’ आप्पा, मी तिथं जिन्यावर बसले. एकदा दीर निघून जावा म्हणून ती मागे राहिली. दुसऱ्यांदा पोरगा जावा म्हणून. आणि तुम्ही म्हणायचात, जाऊन बसली. मी त्याला म्हटलं, मग हे नाटकात का नाही? तर म्हणाला, ‘काकू, शाळेचा हॉल सहाला रिकामा करून द्यायचाय.’ मी विचारलं, परत आल्यावर काय केलं तिनं? म्हणाला, ‘सातारला राहिली. माझ्या वाचनात तरी पुढचं फारसं आलेलं नाही.’

नाटकाच्या दिवशी सकाळपासून बर्फ. तरी हॉल भरला. माझा पोरगा शिपाई होता, कारण शिपायाला बोलायचं नसतं आणि याचं मराठी तुम्ही ऐकलं असतंत तर पळी खाली टाकली असतीत. झाडूच्या दांड्याला रुपेरी कागद लावून भाला केलेला. मी पांढऱ्या साडीत उभी. समोर अंधार, अंधारात बटाटेवड्यांचा वास. दीर गेला. आता मी रडायचं. आणि मला रडू येईना, राग आला. कशाला रडेल ती? रात्रंदिवस जागून हे ठरवलेलं, दीर सुखरूप लांब पोचायला जितका वेळ लागतो तितका गड धरून ठेवलेला, आणि मग पोर जगवायला उतरलेली. कामात असलेली बाई कशाला रडेल? मी म्हटलं, ‘दरवाजे उघडा.’ भाकऱ्या वाढा म्हणावं तसं. तेवढ्यात माझा पदर धरून उभा असलेला राजपुत्र, पहिलीतलं पोर ते, मोठ्यानं म्हणालं, ‘आर वी गोइंग होम नाउ?’ सगळा हॉल हसला. माझ्या पोरानं माझं कोपर धरलं आणि साडीत पाय अडकू नये म्हणून हळूहळू मला आत नेलं. नंतर वडे खाताना काकू म्हणाल्या, छान झालं, फक्त रडायचं विसरलात. मी म्हटलं, हो ना.

घरी येताना गाडीत पोरानं विचारलं, ‘सो शी जस्ट स्टेड देअर?’ मिशी अजून पुसलेली नव्हती. मी त्याला दिल्लीचं सांगितलं, ओलीस म्हणजे काय ते सांगितलं. त्यानं बोटानं काचेवरची वाफ पुसली. मग म्हणाला, ‘आई, यू कॅन गो होम नाउ. आय ॲम ऑलमोस्ट एटीन. डॅड कान्ट डू एनीथिंग.’

मी त्याला ते तिकिटाचं बोलणं कधी सांगितलेलं नव्हतं. एका शब्दानं नाही. म्हटलं, तुला कुणी सांगितलं?

‘आय वॉज सेव्हन, आई. आय वॉज इन द नेक्स्ट रूम.’

आमची घराकडे वळायची एक्झिट गेली. पुढचीही गेली. तो सांगत होता, आई, एक्झिट, आणि मी सरळ चालवत राहिले, बर्फात, कुठे निघाले होते कोण जाणे. शेवटी एका पेट्रोल पंपावर थांबले. त्यानं आत जाऊन दोन कॉफ्या आणल्या. माझ्यात तीन साखरा घालून आणल्या, मला लागतात तशा.

ऑगस्टमध्ये तो कॉलेजला जाईल, लांब. उन्हाळ्यात काम करून माझं तिकीट काढतो म्हणतोय. भावानं खानावळीमागच्या खोलीला रंग दिलाय, खिडकीला जाळी बसवलीय. वहिनीसुद्धा फोनवर गोड बोलली. म्हणजे सगळी चांगली माणसं आहेत आणि सगळ्यांनी माझं सगळं नीट केलंय, आणि मी सकाळपासून घरभर हिंडतेय.

इतकी वर्षं मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. तिला सगळंच कमी होतं, तिचा डोळा रोज वाटेकडे होता, असं. आता बारा वर्षांचं कळल्यापासून दुसरंच डोक्यात येतं. म्हातारी होऊन ती परत आली तेव्हा वाजतगाजत आणली असेल, पाया पडले असतील. तिच्या ओळखीची किती माणसं उरली असतील? बाई, तुम्हाला यायचंय ना, असं कुणी विचारलं असेल का? का ते विचारायचंच नसतं? तिचं काय होतं मला ठाऊक नाही. ती कैदेत होती, तिची माझी बरोबरी नाही.

पण माझं सांगते. मला माझ्या दाराची किल्ली आवडते, आप्पा. दुकानातून सुटले की वाटेल त्या रस्त्यानं गाडी घ्यावी, कुठं गेली होतीस असं विचारायला घरात कुणी नसावं, हे आवडतं. मिठाईच्या दुकानात नवीन आलेल्या बायका मला विचारतात, मावशी, बँकेत कसं बोलायचं, आणि मी सांगते, माझ्या मोडक्या इंग्रजीत, आणि काम होतं. पोरासाठी राहिले हे खरं. पण ते कधी संपलं आणि मी माझी मी कधी राहायला लागले, ते मला कळलं नाही.

तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे पाठवायचा प्रश्नच नव्हता. आणि वाचून दाखवायला असता तो भाऊच. त्याला मी सांगणार होते की पोराचं कॉलेज होऊ दे, मग बघू. ते सोपं आहे. पोराचं नाव पुढे केलं की बाईला कुणी काही म्हणत नाही. मला यायचं नाही, हे आधी तुमच्यापाशी म्हणून बघितलं.

भाऊ एव्हाना स्टूल उचलून झोपायला गेला असेल. गेला असेल तर बरं, असं वाटतंय.