लिंबाखालची शेळी

रवि. १३ नोव्हें. ८३

हंगामाचा सण पार पडला. लिंबाखाली अर्पणाचा ढीग: कणसं, भोपळे, कोंबड्या, पोतंभर कापूस. लिलाव दरसालासारखा आमच्या यायनंच पुकारला. घरात मीठ मागतील तं पुटपुटत, अन् तिथं असा आवाज का नार्नूरच्या बाजारात ऐकू जावा! शेवटी लिंबाले बांधलेली शेळी सोडून आनली. "मार्थामावशीची शेळी! बोला!" सगळे चाट. मावशीजवळ त्या शेळीबिगर हाय काय? पाळकसाहेबायनं तिथंच गरीब विधवेनं होत्या नव्हत्या त्या दोन टोल्या, दोन दमड्या, देवाले देल्याची गोष्ट सांगितली, मावशीले उभं केलं. टाळ्या. मावशी पदरात तोंड घालून रडली. मीही रडली. शेळी नार्नूरच्या एका व्यापाऱ्यानं घेतली. देवळाच्या छताच्या टिनायचं जमलं एकदाचं.

सोम. १४

हे सकाळच्या मोटारीनं निर्मलले गेले. टिनवाल्याले सगळे पैसे देऊन आले. आता देवळाची पेटी रिकामी, पन नाताळाले डोक्यावर छत. बरं वाटलं.

बुध. १६

शाळेतून येता येता मावशीकडं गेली. रूथ, तिची पोरगी, पयल्या बाळंतपनाले आली हाय, दिवस भरत आले. मावशी रिकाम्या खुंट्याजवळ बसून. म्हटलं, "मावशी, काऊन अशी?"

"काई नाई वं पोरी."

मंग रूथच आतून बोलली. "बाई, आईनं शेळी देलीच नोती. घरी कोनी नाई, मोकळी सोडली तं लोकायच्या कापसाच्या पराटीत शिरते, म्हून संग नेलती."

मावशी म्हने, "पाळकसाहेबानं माह्यं नाव घेऊन प्रार्थना केली. लोकायनं टाळ्या वाजवल्या. कोन्त्या तोंडानं सांगू का वापस द्या?" शेळी गाभन हाय. रूथ अशक्त, अंगावर दूध येते का नाई कोनाले ठाऊक. त्या शेळीच्या भरवशावर मावशीनं लेकीले मायेरी आनलं.

घरी येऊन यायले सांगितलं. घास हातातच राह्यला. "लिंबाखाली होती तं मले वाटलं…" मी म्हटलं, लिंबाखाली तं तुमची सायकलबी होती! राग आला होता, खरं सांगते. पन यायचं तोंड पाहून पुढं बोलली नाई.

शुक्र. १८

संध्याकाळी आमच्याकडं बसलो. बाया, पाळकसाहेब, अन् पंचायतले मोठे म्हून याकोबकाका. काका अडून बसले. "देवाले देलं ते वापस घेता येत नाई."

मी म्हटलं, "काका, तिनं देलंच कुठं? आपन घेतलं."

पाळकसाहेब खाली पाहून म्हने, "चूक माही. तिले न इचारता मी उपदेश झाडला." त्यायच्याबद्दल मन साफ झालं.

पन शेळी वापस घ्यायले पैसा कुठून? बायायचा मूठधान्याचा डबा हाय. दर सैपाकाले आमी एक मूठ बाजूले काढतो, ते विकून जमलेले पैसे त्यात. पन ते टिना ठोकनाऱ्या सुताराच्या मजुरीले ठेवले होते. काका लगेच, "मंग छतावर कोन चढन?" आमी साऱ्या बायायनं एकदमच गड्यायकडं पाह्यलं. यायचं तोंड पाहन्यासारखं झालं. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर यायचे पाय कापतात.

शनि. १९

नार्नूर. देवा, तुही दया! व्यापारी म्हने, "टीचरम्मा, बकरी गाभन है। अब वो भाव नहीं।" समजावलं, हात जोडले. ऐकेना. आज बाजार, गिऱ्हाईक उभंच होतं. मंग आमी साऱ्या त्याच्या दुकानाच्या पायऱ्यायवर बसलो अन् भजन धरलं. एक संपलं का दुसरं. शेवंताबाईचा सूर लागत नाई, पन आज तोच कामी आला. लोकं जमले, गिऱ्हाईक हसत निघून गेलं. मेल्यानं कपाळावर हात मारला. "ले जाओ अम्मा, उसी भाव में ले जाओ। गाना बंद करो!"

दावं मात्र ठेवून घेतलं. शेवंताच्या जुन्या पातळाचा काठ बांधून शेळी आनली. मावशी धावत आली, शेळीच्या गळ्यात पडली, मंग माह्या. छातीवरचा धोंडा उतरला.

शनि. ३ डिसें.

टिना आल्या. गडी छतावर. हे बी चढले, डोळे मिटून! वरून आवाज म्हून नाई. मी खालून म्हटलं, "पुकारा नं आता, एक वार, दोन वार!" हातोडी खाली आली, माह्यापासून बरीच दूर. काही टिना उलट्या ठोकल्या, परत काढल्या. याकोबकाका शिडी धरून होते, दिवसभर हालले नाईत.

मंगळ. २०

रूथले पोरगी झाली! दोघी सुखरूप. अन् शेळीनं त्याच्या आधीच दोन पिल्लं देली, दोन्ही पाठी. रूथले दूध पुरत नाई, पन आता घोर नाई. मावशीची हसून हसून पुरेवाट.

रवि. २५. नाताळ

टिनायखाली पयली उपासना. आत जाता जाता पाहतो तं लिंबाले एक पाठ बांधलेली. गळ्यात झेंडूची माळ. पन पोरायनं आज माळा कुत्र्यायच्याबी गळ्यात घातल्या. मावशी पुढं बसलेली, मांडीवर नात, बाजूले रूथ. म्हंजे घरी कोनी नाई.

पाळकसाहेब यायच्याकडं पाहून राह्यले, हे माह्याकडं, मी काकाकडं. शेवटी हेच गेले, वाकले, अन् देवळात पयल्यांदा हळू बोलले. "मावशी, पाठ देवाले देली, का घरी कोनी नाई म्हून आनली?"

"आधी भजन तं म्हना," मावशी म्हने.

भजन झालं, जेवनं झाली. मावशी नातीले घेऊन उन्हात बसली हाय. लिलावाचं नाव कोनी काढत नाई. हे पाठीसाठी पाला तोडून राह्यले.