यांच्या मशीनसाठी घेतलेला जनरेटर

आई,

आत्ता परत मागच्या अंगणात जाऊन आले. जनरेटरवरची ताडपत्री उचलली, पेट्रोल बघितलं, ताडपत्री टाकली. काम काहीच नव्हतं. हल्ली एका जागी बसवतच नाही मला.

तुझ्या धंद्यातली ही धुरकट वस्तू माझ्या घरात कधी येणार नाही, असं लग्नाआधी म्हणत होते मी. पण यांची फुप्फुसं खराब झाली आहेत. दिवसातला बराच वेळ ऑक्सिजनच्या मशीनवर असतात आणि ते मशीन विजेवर चालतं. उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट सारखी जाते, इन्व्हर्टर फार वेळ पुरत नाही. म्हणून सदर बाजारातल्या एका बंद होणाऱ्या दुकानातून हा जुना, दोघांना उचलता येईल असा जनरेटर आणला.

आणला, तर सुरूच होईना. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. टाकीचं झाकण उघडलं आणि शिळ्या पेट्रोलचा तो व्हार्निशसारखा वास आला. त्या वासासरशी मी इतवारीतल्या आपल्या गोदामात उभी. बाबा गेल्यावर मांडव आणि लायटिंगचं काम तू एकटीने चालवलंस. लग्नात बाकीच्या बाया नटून पुढे बसलेल्या, आणि तू मांडवामागे, पदर खोचून, हात काळे करून. कार्बोरेटर खोलतेस, फुंकतेस, बारीक तारेने त्याचं भोक मोकळं करतेस. मला तिथे यायची लाज वाटायची. तरी मी बघत असणार, कारण परवा माझ्या हातांनी अगदी तेच केलं. जुनं पेट्रोल ओतून टाकून ताजं भरलं, ऑइल बदललं, नवा प्लग बसवला. आणि तो सुरू झाला. यांनी आतून विचारलं, "चालू झाला का वं?" हो म्हटलं, आणि उगाच रडू आलं.

मशीन लगेच जोडलं नाही. आधी बल्ब लावला, मग कूलर, मग इस्त्री, आणि मीटरवर व्होल्टेज बघत बसले. तेवढ्यात यांना खोकल्याची उबळ आली. वारा फिरला होता, धूर खिडकीतून थेट खोलीत जात होता. ज्यांच्या श्वासासाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्याच नाकात धूर. धावत जाऊन बंद केला आणि पार कंपाउंडच्या भिंतीपर्यंत ओढत नेला.

आता वायर लांब लागणार, म्हणून गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, "काकू, वायर कायले पाह्यजे? सॉकेटमधून उलटा करंट देऊन देतो, पूर्ण घर चालते. सगळे तसंच करून राहिले."

मोह झाला, आई. पंखे, फ्रिज, सगळंच चाललं असतं. पण मग ते लग्न आठवलं. लाइट गेली होती आणि आपल्या माणसाने घाईत हॉलच्या सॉकेटला जनरेटर तसाच जोडून दिला होता. तू आलीस आणि वायर उपटलीस. सगळीकडे अंधार. नवरदेवाकडचे ओरडताहेत, आणि तू आवाज न चढवता त्याला विचारतेस, "हा करंट उलटा बाहेरच्या तारेत जाते. खांबावर कोणी चढलं असन तं? लाइन बंद हाय समजून हात लावन तो. त्याच्या मायले तू जाऊन सांगशीन काय?" वेगळी वायर टाकेपर्यंत पंगत खोळंबली. ते घर पुन्हा आपल्याकडे आलं नाही. किती ताणते ही, असं तेव्हा मला वाटलं होतं.

वायरमनला म्हटलं, "नाही. मशीनपुरती वेगळी वायर टाक."

"तुमची मर्जी," म्हणून त्याने टाकून दिली.

मग मशीन जोडलं. चाललं. नाकात नळी घालून हे पडून होते, मी बोटाचं ऑक्सिमीटर बघते, अंगणात जाते, परत येऊन बघते. हे म्हणाले, "आता तं झालं ना सगळं. काहून फिरून राहिली? बस जराशी."

बसले नाही. आज दुपारी लाइट बंद राहील असं कळवलं होतं, म्हणून सकाळीच सगळं तयार ठेवलं. लाइट गेलीच नाही. पंखा फिरतोय, मशीन आपलं घरच्या विजेवर चाललंय, हे शांत झोपलेत. मी दारात उभी राहून पंख्याकडे बघत होते. हा कागद कोणाला दाखवणार नाही, लिहून झाला की फाडून टाकीन. यांना कसं सांगू? लाइट जावी आणि दोरी ओढून मी तो सुरू करावा, असं वाटत होतं मला.