आबांचा फोटो कोणी काढला

मंगळवार, १२ ऑक्टोबर २०२१. सकाळी १०.२०

वेळ लॅपटॉपच्या कोपऱ्यात दिसत होती, तीच लिहिते. दहा वाजून वीस मिनिटांनी मिस टेलर या बाईंनी इयर थ्रीच्या सगळ्या वर्गासमोर माझ्या नातीला सांगितलं की तुझा फोटो आम्ही वर्गाच्या ऑनलाइन पानावरून काढलाय, स्वीटी, तू त्याऐवजी कवटी रंगव.

फोटो ह्यांचा. कवटी छापील, डोळ्यांच्या जागी फुलं.

ईरा "ओके" म्हणाली. कॅमेरा बंद केला आणि टेबलाखाली जाऊन बसली. आठ वर्षांची पोर. मी शेजारीच मटार सोलत होते. मटारसकट उठले, पण बाई तोवर ऑलिव्हर नावाच्या मुलाच्या मेलेल्या कुत्र्याकडे वळल्या होत्या. सो लव्हली, म्हणे.

म्हणजे कुत्रा राहिला. माझा नवरा गेला.

तोच दिवस, दुपार

रागात लिहिलेलं पत्र त्याच दिवशी धाडू नये. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात एकतीस वर्षं काढली, एवढं कळतं. आधी हकिगत.

या टर्मला वर्गाला मेक्सिको. लॉकडाऊन काल उठलं, लोक केस कापायला धावले, पण ईराची शाळा पंचवीसपर्यंत घरूनच. बाईंनी सुरुवात चांगली केली होती, खोटं कशाला बोलू. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या आरंभी गेलेली माणसं घरी येतात. त्यांच्यासाठी घरात मांडणी करतात, तिला ओफ्रेंदा म्हणतात. फोटो, मेणबत्त्या, रंगवलेल्या कवट्या, पाणी, त्यांच्या आवडीचं खाणं, आणि दारापासून झेंडूच्या पाकळ्यांची वाट, म्हणजे येणारा चुकत नाही. मग मुलांना सांगितलं, आपापल्या घरची मांडणी करा आणि वर्गाच्या पानावर चढवा.

ईरा माझ्याकडे धावत आली. "आजी, इट्स लाइक युअर थिंग. विथ द मॅगपाय."

माझी थिंग म्हणजे गेल्या बुधवारची सर्वपित्री. गुरुजी फोनवर म्हणाले, पहिल्या वर्षी पक्ष करत नाहीत. मी म्हटलं, पहिल्या वर्षी बाकीचं सगळं रीतीने झालं का? हे मे महिन्यात पुण्यात गेले. मी इथे परदेशात, मुलाकडे, निखिलकडे, केलीव्हिलला. दोन महिन्यांसाठी आलेली, दीड वर्ष अडकलेली. प्रवासाची परवानगी आली ती तेरावा उलटल्यावर. मुलाने बापाला अग्नी दिला नाही, मी तोंड पाहिलं नाही. स्मशानातला व्हिडिओ कॉल तेवढा झाला.

तर पान वाढून मागच्या कुंपणापाशी ठेवलं. इथला कावळा तान्ह्या पोरासारखा रडतो. रडला, पण उतरला नाही. वडा मॅगपाय नावाच्या काळ्या-पांढऱ्या पाखराने पळवला. ईरा म्हणाली, "क्लोज इनफ, आजी." निखिल खिडकीतून बघत होता. मीटिंग आहे म्हणाला आणि वर गेला.

ईराची मांडणी बुटांच्या खोक्यावर. खारी, आणि चहा बशीत ओतलेला, कारण आबा कपाने पीत नसत. फोटो तिनेच निवडला, ह्याच घराच्या अंगणातला. निखिलची क्रिकेटची टोपी उलटी घातलेली, तोंड उघडं टाकून हसतायत. काढला निखिलनेच, आम्ही दोघे पूर्वी आलो होतो तेव्हा.

बुधवार, १३ ऑक्टोबर

पत्र गेलं. तीन मुद्दे. फोटो का काढला. मुलीला कारण का सांगितलं नाही. कुत्र्याला आणि माणसाला निराळे नियम कुठल्या धोरणाने.

दोन नोव्हेंबर काय असतो ते मला कोणी शिकवू नये. कॉन्व्हेंटमध्ये त्या दिवशी चॅपेलमध्ये गेलेल्यांची नावं वाचत. मी सहावीत. सिस्टर बर्नडेट यादी घेऊन आली, तुझ्या घरचं कोणी? मी म्हटलं, आम्ही हिंदू. ती म्हणाली, मी धर्म नाही विचारला, नाव विचारलं. माझ्या आजीचं नाव वाचलं गेलं. उच्चार भयंकर, पण वाचलं. पट्टीने बोटं फोडणाऱ्या बाईला जे कळत होतं ते यांना कळू नये.

जेवताना निखिलला पत्र वाचून दाखवलं. भाताकडे बघत म्हणाला, जाऊ दे ना आई, शाळेचं काहीतरी धोरण असेल. त्याचं जाऊ दे पाचवीपासून तेच आहे.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर. दसरा

इंडियन दुकानातून झेंडू. तोरण केलं. ईरा उरलेल्या पाकळ्या मुठीत धरून बसलेली. विचारते, पाकळ्यांची वाट केली पण फोटोच नसला तर?

"हाऊ विल ही नो व्हेअर टु स्टॉप?"

थांब म्हटलं, आणि उगाच हळद शोधत बसले.

तिच्या खणात वह्यांखाली फोटो सापडला. पालथा. विचारलं तर म्हणाली, तिने चूक केली म्हणून मिसने काढला ना. शाळेकडून उत्तर नाही. तिसरा दिवस.

मंगळवार, १९ ऑक्टोबर

उत्तर आलं. विनम्र आहे. दिलगीर आहोत, तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं, फोटो घरातल्याच एका व्यक्तीच्या विनंतीवरून काढला.

घरात चार माणसं. एक आठ वर्षांची. एक मी.

केतकी हॉस्पिटलमधून आली, नाकावर मास्कचा वळ. विचारलं. बूट काढता काढता म्हणाली, "मी नाही, आई." आणि जिन्याकडे बघितलं. सून शहाणी आहे, जास्त बोलली नाही.

बाईंना दुसरं पत्र. मुद्दा एक आणि तीन मागे घेतले. मुद्दा दोन कायम. आयुष्यात तक्रार मागे घेण्याची ही पहिली वेळ, तीही स्वतःच्या पोटच्या पोरापायी.

बुधवार, २० ऑक्टोबर

वर गेले. टकटक न करता.

आधी म्हणाला, इतर पालक ते पान बघतात. मी म्हटलं, मग? मग म्हणाला, आत्ता नको. मी खुर्ची ओढून बसले. शेवटी बोलला. "दोन कॉल्सच्या मधे ईराचं पान उघडलं. बाबा हसतायत, माझी टोपी घालून. आणि भोवती कवट्या. मला नाही बघवलं, आई."

मी म्हटलं, तुला नाही बघवलं म्हणून पोरीला शिक्षा? तिला सांग तू काढलास म्हणून. म्हणाला, काय सांगू तिला? म्हटलं, खरं ते.

तेव्हा म्हणाला, "तू तरी कुठे रडलीस?"

मी उठून खाली आले, दूध उतू गेलेलं.

मे महिन्यातल्या त्या कॉलवर त्याचा कॅमेरा बंद होता. मी समजत होते नेटवर्क. पण राग कमी झालेला नाही, हे नमूद करते. दुःख प्रत्येकाला आहे. ते झाकायला लेकराच्या हातून तिचा आजा काढून घ्यायचा नसतो.

सोमवार, २५ ऑक्टोबर

शाळा उघडली. ईरा रंगवलेली कवटी घेऊन गेली. खाली नाव लिहायची रेघ होती, कोणाच्या आठवणीत. तिने लिहिलंय "नोबडी".

फाटकाशी मिस टेलर भेटल्या. मला वाटलेल्या त्याहून लहान, पंचविशीच्या असतील. मास्कवरचे डोळे ओले झाले, मला ते आवडलं नाही आणि आवडलंही. म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी, दोन तारखेला, वर्गात मोठी मांडणी करणार. ईराची जागा रिकामी ठेवलीय. पण वडिलांनी लिहून नको म्हटलंय, तर हो सुद्धा त्यांनीच लिहून म्हणायला हवं. बरोबर आहे. कागदाला कागदच लागतो.

निखिलला सांगितलं. बघतो म्हणाला.

शुक्रवार, २९ ऑक्टोबर

चार दिवस बघतोय. तोंडी पुष्कळ झालं. त्याच्या कामाच्या खोलीच्या दाराखालून पत्र सरकवलं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण कागदाचा कोपरा अजून बाहेरच दिसतोय. नक्कल इथे ठेवते.

चि. निखिल यास आईचे आशीर्वाद.

मंगळवारी दोन तारीख. मेक्सिकोत तो गेलेल्यांचा दिवस, आमच्या सिस्टरांचाही तोच, आणि यंदा धनत्रयोदशी त्याच दिवशी. संध्याकाळी मी कणकेचा दिवा दक्षिणेला तोंड करून लावणार आहे. तू उभा राहिलास तर बरं, नाही राहिलास तरी लावीन. तो माझा प्रश्न.

तुझा प्रश्न निराळा आहे. तुझी मुलगी समजते की तिने आजोबांचं काहीतरी चुकीचं केलं. तिने फोटो पालथा ठेवलाय आणि नावाच्या जागी कोणीच नाही असं लिहिलंय. हे तू केलंस, मिस टेलरने नाही, आणि हे तिला तुझ्या तोंडून कळायला हवं. मी सांगणार नाही. सांगू शकते, पण नाही सांगणार.

तू मला एक विचारलंस त्याला मी उत्तर दिलेलं नाही. देणार आहे. कुठे रडले, कधी रडले, कोणत्या नळाखाली, सगळं तपशिलात देईन. पण आधी तुझं येऊ दे.

ईराला सांगणार का, कधी सांगणार, आणि शाळेला होकार कळवणार की नकार कायम ठेवणार, एवढंच हवं. नकार असला तरी चालेल, पण कारणासह आणि सहीनिशी. मराठीत, चुका झाल्या तरी हरकत नाही. जिन्यात उभं राहून दिलेलं, भाताकडे बघून दिलेलं किंवा "बघतो" या शब्दाने सुरू होणारं उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही.

उत्तर लेखी, माझ्या हातात. सोमवार, १ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत.