शहाडचा गाळ

११ जानेवारी
अकरावा दिवस. वन्संनी सकाळीच घर धुवायला काढलं. सुतक फिटलं की घरात साठवलेलं सगळं पाणी ओतून टाकायचं. पिंप, कळशी, फिल्टर, देवाजवळचा गडू. मी मोरीत ओतत गेले. शेवटी गॅलरीतली ह्यांची बरणी राहिली. वन्सं म्हणाल्या, "आणि हे गं?" म्हटलं, "तेही पाणीच." ओतलं. तळाला गाळ घट्ट बसलेला, तो तारेच्या घासणीने काढला. वास असा की वन्सं नाकाला पदर लावून बाहेर गेल्या.
खरं तर मला रागच होता. बरणी माझी, लोणच्यासाठी घेतलेली. सत्तावीस वर्षं ह्यांनी तीत चिखल भरून ठेवला, आणि आता मला न विचारता पुढे निघून गेले.

१४ जाने.
यंदा तिळगूळ नाही. रूपाली आली. ह्यांची शाळेतली विद्यार्थिनी, आता कल्याणला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. थेट गॅलरीत गेली. "काकू, सरांची बरणी?"
"धुतली."
वेताच्या मोढ्यावर बसली आणि रडली. दहाव्याला आली होती तेव्हा रडली नव्हती.
मग म्हणाली, ते सगळं जिवंत होतं, जिवाणू. खालचा काळा थर, वरचा जांभळा, त्याच्यावरचा हिरवा. मी आपली शेवाळ समजत होते. म्हटलं, झाकण बंद असताना? म्हणाली, ऊन होतं ना काकू, तेवढं पुरतं त्यांना.

१५ जाने.
झोप नाही. ह्यांचं बोलणं आठवत बसले, जे तेव्हा अर्ध्या कानाने ऐकलं. पृथ्वीवर श्वास घ्यायला हवा नव्हती तेव्हाची ही मंडळी, म्हणायचे. ऑक्सिजन त्यांना विष. तो वाढला तेव्हा चिखलात दडून बसली, ती अजून तिथेच.
एकदा भाजी निवडताना मी विचारलं होतं, पहिली पेशी आली कुठून? "ते नीट कोणालाच माहीत नाही. झालं एवढं नक्की."
"मग परत का होत नाही?"
"नवं काही जुळायला लागलं तरी आधीचे खाऊन टाकतात. आता जगात जी पेशी आहे ती आधीच्या पेशीतूनच आलेली. साडेतीनशे कोटी वर्षं, एकदाही खंड नाही." मग एक देठ मोडत, "आपल्यापाशी येऊन ती ओळ थांबली."
मी भाजी निवडत राहिले. बोलायला हवं होतं.

१९ जाने.
बरणीत डाळ भरावी म्हणून उचलली. बुडाला पट्टी चिकटवलेली, ह्यांचं अक्षर. "गाळ, शहाड, पुलाखालून." आणि तारीख.
तारीख ओळखली. त्याच्या आदल्या दिवशी ठाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आता उपचार पुरे करा, शरीराला किती त्रास द्यायचा. घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी हे न सांगता कुठेतरी गेले, ते गुडघ्यापर्यंत चिखलात माखून आले. मी पँटवरून भांडले. दोन दिवस अबोला.
मूल नाही म्हणून अग्नी भाच्याने दिला. आणि जे एक ह्यांनी जपलं ते मी

२२ जाने.
रूपालीला फोन केला. पट्टीचं सांगितलं, बाकीचं नाही. ती म्हणाली, झाकण कुठंय? झाकण मी नुसतं पाण्याखाली धरलं होतं. संध्याकाळी आली, सुईने रबराची रिंग उचकटली. आत जुन्या गाळाची काळी रेघ. ओलसर.
म्हणाली, "आशा फार ठेवू नका, काकू." रिंग पाण्याच्या बाटलीत घालून ठेवली.

२६ जाने.
दोघी शहाडला. पुलाखाली जलपर्णी गच्च. काठावर एक म्हातारा बसलेला. "अस्थी सोडाला आल्या का, मावशी?"
"नाही. गाळ न्यायला."
त्याने माझ्या हातातली बादली घेतली, स्वतः उतरून भरून दिली.
घरी तो गाळ कुकरमध्ये शिजवला. नव्या गाळातलं जिवंत काही उरता कामा नये, म्हणजे जे उगवेल ते सरांचंच, असं रूपालीचं म्हणणं. असं तीन दिवस करायचं, रोज पाऊण तास. शेजारच्या जोशीबाई विचारून गेल्या, काय शिजतंय एवढं. म्हटलं, पाहुणे आहेत.

२८ जाने.
भरली. शिजवलेला गाळ, त्यांना खायला म्हणून वर्तमानपत्राचे कपटे, अंड्याचा बलक (माझ्या घरात अंडं!), खडूची पूड, उकळलेलं पाणी, मध्ये ती रिंग. ह्यांच्या जागेवरच ठेवली. वन्संचा फोन आला, त्यांना काही सांगितलं नाही.

१६ फेब्रु.
काही नाही. मातकट. रूपाली म्हणते सहा आठवडे थांबू. दर रविवारी हे बरणी थोडी फिरवायचे, मी हसायचे. आज फिरवली.

२ मार्च
काही नाही. मोरीची जाळी काढून आत बघितलं. काय बघणार होते कोण जाणे.
रूपाली म्हणाली, मोरीतून खाडीत गेले असतील, मजेत असतील. माझ्या समाधानासाठी म्हणाली. पण ते आता कोणाचेही. ह्यांचे बरणीत होते.

११ मार्च
सहा आठवडे झाले. रूपालीचा मेसेज, "काही दिसतंय का काकू?" उत्तर दिलं नाही.
दु. ऊन गॅलरीत आलं तेव्हा चष्मा लावून बसले. काचेला आतून, गाळाच्या रेघेखाली, मसुरीच्या डाळीएवढा डाग आहे. लालसर, जांभळट. काल होता की नाही, सांगता येत नाही. अंड्याचा असेल. गंज असेल. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे.
रूपाली एका नजरेत सांगेल. आणि खरं तेच सांगेल, ह्यांची विद्यार्थिनी आहे.
उद्या बोलावते. नाहीतर रविवारी. आज बरणीपाशीच जेवले, आणि त्या दिवशी पँटवरून भांडले त्याची ह्यांच्याकडे माफी मागितली.