लेझरची सरळ रेघ

बुधवार, ११ जून २०२५. सकाळी ११.४०

वेळ मुद्दाम लिहिते आहे. नंतर कुणी म्हणायला नको की बाईंना नीट आठवत नाही.

संस्थेच्या सभागृहात, बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर, लेझर विभागाचा प्रमुख डॉ. विक्रम याने पडद्यावर माझा प्रोग्रॅम दाखवला. म्हणाला, "ये हमारा अपना है जी. पुराना कोड था, कोई मॅडम एंट्री वगैरह करती थीं."

कोई मॅडम. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. निवृत्त माणसांना असल्या कार्यक्रमांत खुर्च्या भरायला बोलावतात, तसं मलाही बोलावलं होतं.

एंट्री! तांदळाच्या कणीएवढा लेझर. त्यात वीज सोडली की प्रकाश किती निघेल, नेमका कुठल्या रंगाचा, आणि चिप तापली की त्याचं काय होईल — हे सगळं लेझर बनवण्याआधी कॉम्प्युटरवर काढायचं. बनवून बघायला महिने लागतात. ते गणित मी बसवलं. संस्थेत तेव्हा एकच कॉम्प्युटर होता, आणि लोक त्याच्या खोलीत गारव्यासाठी येऊन बसत.

एकदा माझ्या गणिताने सांगितलं की अमुक लेझर तापला की मान टाकणार. तेव्हाचे विभागप्रमुख साहेब म्हणाले, "शालिनीजी, कागद पे सब जलता है." त्यांनी बनवला. त्याने मान टाकली. मग तेच साहेब प्रत्येक डिझाइन आधी माझ्या टेबलावर पाठवायला लागले.

चहाच्या वेळी विक्रमजवळ गेले. तो मी निवृत्त झाल्यावर आलेला, मला ओळखत नाही. अगदी गोड आवाजात विचारलं, "उन मॅडम का नाम क्या था, डॉक्टर?" म्हणाला, "बहुत पुरानी बात है, मॅम." मग त्याची नजर माझ्या गळ्यातल्या कार्डावर गेली. समोसा हातातच राहिला.

आवाज न चढवता अपमान कसा करावा हे आमच्या नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये फार छान शिकवत.

१२ जून

संस्थेला पत्र टाकलं. मागणी एकच — प्रोग्रॅम जिथे जिथे दाखवाल, वापराल, छापाल, तिथे माझं नाव.

सदाशिव, माझा नवरा, पत्र वाचून म्हणाला, "एवढ्या शब्दांत मी पूर्ण स्क्वाड्रन हलवली असती." विंग कमांडर म्हणून निवृत्त झाला तरी प्रत्येक गोष्ट त्याला विमानतळावरच नेऊन ठेवायची असते.

मी म्हटलं, "तू स्क्वाड्रन हलवलीस तेव्हा तुझं नाव दारावर होतं."

तो स्वतःच पोस्टात जाऊन आला. रजिस्टर्ड.

१४ जून

उत्तर नाही. त्रेचाळीस डिग्री. कूलरचा पंपही आजच बसला.

१७ जून, मंगळवार

विक्रम घरी आला. हातात सेक्टर बावीसच्या मिठाईचा डबा. आल्या आल्या वाकून नमस्कार. मी पाय मागे घेतले नाहीत.

"मॅम, गलती हो गई. आप तो नींव हो हमारी."

"नींव जमिनीत पुरतात, डॉक्टर."

सदाशिवला खोकला आला. तो खोकला मी चाळीस वर्षं ओळखते. ते हसू असतं.

मग विक्रमने काय ते सांगितलं. पंजाबात गहू काढल्यावर पराळी, म्हणजे शेतात उरलेलं काड, जाळतात त्या उन्हाळ्यातल्या धुराच्या दिवसांत हवा तपासायची यंत्रं करायची आहेत. शेताच्या कडेला, खांबावर, पत्र्याच्या पेटीत. प्रत्येकात एक लेझर. त्याचा रंग एका वायूशी तंतोतंत जुळवलेला. हवेत तो वायू असेल तर तो तेवढा प्रकाश गिळतो, आणि किती गिळला त्यावरून प्रमाण कळतं. लेझरचं डिझाइन माझ्या प्रोग्रॅमवर झालंय. त्यावर पेपर जातोय. पेपरमध्ये माझं नाव — पहिलं. मॉडेललाही माझंच नाव: 'शालिनी मॉडेल'. ऑगस्टमध्ये सत्कार.

मी म्हटलं, "विचार करून सांगते." विचार कसला करणार होते! तो गेल्यावर डब्यातल्या दोन बर्फ्या उभ्याउभ्याच खाल्ल्या.

१८ जून

पूर्वीला मोहालीला फोन केला. "मम्मा, पक्का? नाम पहले? ये तो बडी बात है यार." माझी लेक, मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र जीभ हिंदीत वळते. पण आनंद अस्सल होता. मी आठव्यांदा 'शालिनी मॉडेल' म्हणून पाहिलं. ऐकायला बरं वाटतं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटतं.

विक्रमला 'हो' कळवलं.

२० जून, शुक्रवार

पेपरचा मसुदा घेऊन मेघना आली. विक्रमच्या हाताखाली पीएच.डी. करते, वडील फौजेत, मूळ साताऱ्याकडचे. मला काकू म्हणते. हुशार आहे, दोन वेण्या घालून शाळेत जावं अशी दिसते. सगळी गणितं हिनेच चालवली आहेत.

पहिल्या पानावर माझं नाव. दोनदा वाचलं. मग तिसरी आकृती पाहिली — आडवी वीज, उभा प्रकाश. रेघ सरळ वर. फुटपट्टीने मारल्यासारखी.

कुठलाच लेझर असा चढत नाही. वीज वाढवली की तो तापतो, तापला की दमतो, रेघ वाकते आणि शेवटी खाली येते. रंगही सरकतो.

"मेघना, यात ताप कुठे आहे?"

"काकू, वो स्टेप ऑफ रखा है. ऑन करते ही क्रॅश होता था. सर बोले, पहला रिझल्ट ले लो, एकदम क्लीन है."

माझ्या प्रोग्रॅमची रीत अशी: आधी लेझर कधी तापतच नाही असं धरून एकदा गणित सोडवायचं. ते उत्तर नव्हे; ती फक्त सुरुवात. तिथून ताप थोडा थोडा आत सोडत न्यायचा, दर वेळी वीज, प्रकाश आणि उष्णता तिघांचा मेळ बसेपर्यंत थांबायचं. यांनी पोळी तव्यावर टाकली, एक बाजू पांढरी असतानाच उचलली आणि म्हणाले, वा, डाग एकही नाही.

"आणि हा कुठे बसवणार? मे-जूनच्या उन्हात, पत्र्याच्या पेटीत?"

मेघनाने आकृतीकडे पाहिलं. तिला तिथेच कळलं. चेहऱ्यावरून कळलं मला.

त्या दिवशी सभागृहात हीच आकृती पडद्यावर होती. मी नाव शोधत होते.

२१ जून

मेघना लॅपटॉप घेऊन सकाळीच आली. जेवणाच्या टेबलावर बसलो. ताप एकदम सोडला की प्रोग्रॅम कोसळतो. ते मला पाठ आहे. मी म्हटलं, "घाई नको. ओट्यावरच्या दुधासारखं. बारीक आच."

पाव भाग सोडला. मेळ बसला. अर्धा सोडला. कोसळला. मागे आलो, पाऊल लहान केलं. पुन्हा बसला. सदाशिव दर थोड्या वेळाने येऊन विचारायचा, "टेक-ऑफ?" शेवटी त्याला पोहे करायला लावले.

दुपारी पूर्ण ताप आत होता. रेघ आधी चढली, मग खांदा पाडला आणि वाकली. काय देखणी वाकली! इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, दुसऱ्याच लेझरवर, एका पोरीच्या हातून — आणि तरी चालवण्याची रीत तीच, माझी. मेघना पुटपुटली, "काकू, ये तो सच में चलता है." मी म्हटलं, "नाव काय दिलंय त्याला?" दोघी हसलो.

मग आकडे वाचले आणि हसू ओसरलं. उन्हाळ्यात त्या पेटीत प्रकाश निम्म्याखाली. रंग इतका सरकतो की तो वायू त्याला दिसणारच नाही. धूर असो नसो, यंत्र सांगणार: हवा स्वच्छ.

२३ जून, सोमवार

मेघनाने नवी आकृती विक्रमला दाखवली. अर्ध्या तासात मला फोन.

"मॅम, पेपर में ठंडा वाला चलता है. सब लोग यही छापते हैं."

"छापा. आणि खांबावर?"

"वो चिप बनाने वाले देखेंगे. डिझाइन एक तारीख को उनके पास जा रहा है, अब कुछ नहीं हो सकता. आपका नाम तो पहला है ना, मॅम? मॉडेल भी आपके नाम का. आप ही चाहती थीं."

मी फोन ठेवला. कॉन्व्हेंटमध्ये फोन आपटायला शिकवत नसत; ते मी आज स्वतःच शिकले.

सदाशिवने विचारलं, "सत्कार?"

"साडी घेतली नव्हती अजून."

"मेघनाचं काय? तिला त्याच्याच हाताखाली पीएच.डी. संपवायची आहे."

तिला सांगितलं, तू यात पडू नकोस. तुझी दोन वर्षं उरली आहेत. माझं निवृत्तिवेतन कुणी थांबवू शकत नाही.

२४ जून

पत्र गेलं. आज मसुदा इथेच उतरवून ठेवते.

डॉ. विक्रम यांस. तिसऱ्या आकृतीतली रेघ माझ्या मॉडेलची नाही. ताप धरून काढलेलं पूर्ण उत्तर सोबत जोडलं आहे. ते छापणार असाल आणि डिझाइन थांबवणार असाल तर माझं नाव शेवटी घातलंत तरी चालेल. नसाल, तर पेपरमधून आणि मॉडेलवरून माझं नाव काढा. कुणी विचारलं, तर कोई मॅडम म्हणा.

खाली दोन सह्या आहेत. दुसरी मेघनाची, ती सकाळी न विचारता आली आणि करून गेली.

लेखी उत्तर मागितलंय सोमवार, ३० जून, संध्याकाळी पाचच्या आत. डिझाइन जायच्या आदल्या दिवशी.