हरणीच्या कानावर घातलेलं

गंगावेस, कोल्हापूर
ता. ९ फेब्रुवारी १९८७

ति. सौ. आक्कास,
मल्लूचा सा. न. वि. वि.

आबांना अर्धांगाचा झटका येऊन आज पाच दिवस झाले. जिवाला धोका नाही, पण वाचा गेली. त्यात आपली म्हैस हरणी पान्हा चोरतेय. रेडकू लावलं तर जेमतेम पेलाभर. आबांची कोपरी घातली, पटका बांधला, तरी लाथच. काल दूधकट्ट्यावर समोर काढलेलं धारोष्ण दूध प्यायला बंडा पैलवान रिकामा पेला घेऊन अर्धा तास उभे होते. शेवटी म्हणाले, मास्तर, तुमी आपलं शाळेतच बरं. आणि शेजारच्या म्हशीकडं गेले. सगळा कट्टा हसला.

लोक म्हणतात पान्हा सुटायला सुई टोच. आबांनी जन्मात टोचली नाही. अशीच राहिली तर हरणी आटेल, मग रविवारच्या बाजारात विकणं आलं. आबा ते सोसणार नाहीत. मला एका जागी बसवत नाही. धार काढताना आबा तिच्याशी काहीतरी पुटपुटायचे. तुला ठाऊक असेल तर लगेच कळव.

तुझा,
मल्लू

निपाणी
ता. ११ फेब्रुवारी

चि. मल्लूस,
अनेक आशीर्वाद.

धाकटीला गोवर निघालाय, नाहीतर आजच निघाले असते. पटका बांधून म्हशीला फसवायला गेलास होय रे, मास्तर!

दिवाळीत शेण भरताना मी ऐकलंय. तुझंच नाव असायचं. आबा म्हणायचे, ‘माझा मल्लू मास्तर झाला बघ हरणे, आमच्या सात पिढ्यांत कुणी खडू धरला नव्हता. तोंडावर सांगितलं तर डोक्यावर बसंल, म्हणून तुला सांगतोय.’ मल्लू, हे तुला कळू द्यायचं नाही अशी आबांनी मला शपथ घातली होती. ती आज मोडते. तिच्याशी हेच बोल. आबांना भरवताना घाई करू नकोस.

तुझ्या घोरात,
आक्का

कोल्हापूर
ता. १४ फेब्रुवारी

ति. सौ. आक्कास,
सा. न.

काल कट्ट्यावर तू लिहिलंस ते तसंच्या तसं म्हटलं. हरणीनं शेपूट मारलं. तीनदा म्हटलं. मग माझं डोकंच फिरलं. तिच्या कुशीला कपाळ लावून भांडलो, की एवढं सगळं तुला सांगितलं, मग मला एकदा तरी का नाही? रडू आवरेना. कट्टा बघत होता, बघू दे. आणि आक्का, कास भरून आली! बंडा पैलवानांनी पेला खाली धरला. आता हरणी उद्या बाजाराला जात नाही.

घरी येऊन आबांना सांगितलं, तुमच्या म्हशीनं तुमचं सगळं फोडलं. आधी अर्ध्या तोंडानं हसले. मग डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

तुझी माया अशीच राहू दे,
मल्लू